हरवलेल्या वैमानिकाचें नांव

शिरगांवच्या किल्ल्याच्या तटावर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें म्हणजे समुद्रावांचून दुसरें कांहीं दृष्टीस पडत नाहीं. आमचा हा किनारा मासेमारीवर जगणारा आहे. वादळाच्या दिवसांत एखादी होडी वेळेवर परतली नाहीं म्हणजे कोळीवाड्यांत काय अवस्था होते, हें येथील मुलांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. मृत्यूची वार्ता आली तर घरचीं माणसें रडतात, उत्तरक्रिया करतात आणि काळेंकरून सावरतात. परंतु गेलेला माणूस जिवंत आहे कीं नाहीं हेंच जेव्हां कळत नाहीं, तेव्हां त्याच्यासाठीं रडावें कीं त्याची वाट पाहावी, हेंही ठरवितां येत नाहीं. दाराची कडी वाजली कीं आईचें मन दचकतें, आणि असें तिनें किती वर्षें दचकावें याला मर्यादा नसते.

गेल्या शतकांतील दोन महायुद्धांत जे तरुण विमानांतून कामगिरीवर गेले आणि परतले नाहींत, त्यांच्या घरीं हीच अवस्था झाली. फरक इतकाच कीं त्यांचा समुद्र आकाशांत होता. अशा हरवलेल्या वैमानिकांचा शोध कसा घेतला जातो, त्यांचें स्मरण कोणत्या रीतीनें केलें जातें, आणि आपल्याच मुंबईच्या एका तरुणाचें नांव परभूमींतून कसें परत मिळालें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम हें पाहूं कीं वैमानिक इतक्या सहज बेपत्ता कां होतो. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडाहून जर्मनीवर रात्रीच्या वेळीं जाणाऱ्या लँकेस्टर नांवाच्या चार इंजिनांच्या बाँबफेक्या विमानाचें उदाहरण घ्या. त्यांत बहुधा सात माणसें असत. एक विमान चालवी. दुसरा इंजिनांकडे लक्ष ठेवी. तिसरा नकाशा, घड्याळ व यंत्रें यांच्या साहाय्यानें मार्ग काढी, त्यास नॅव्हिगेटर म्हणत. चौथा नेम धरून बाँब सोडी. पांचवा बिनतारी यंत्र सांभाळी. आणि राहिलेले दोघे मशीनगनी घेऊन पहारा करीत. त्यांपैकीं शेपटाकडील पहारेकरी तर सर्व सोबत्यांपासून दूर, कांचेच्या एका लहानशा घुमटांत, थंडींत कुडकुडत आठ आठ तास एकटाच बसलेला असे. हे सातही जण बहुधा विशी-पंचविशींतले असत. कोणी शेतकऱ्याचा मुलगा, कोणी कारकून, कोणी नुकताच शाळा सोडलेला.

असें विमान पडलें तर तें कोणाच्या दृष्टीस पडणार? भोंवतीं अंधार, खालीं शत्रूचा मुलूख किंवा उत्तर समुद्र. बरोबरचीं विमानें आपआपला जीव वांचविण्याच्या विवंचनेंत. पहाटे तळावर विमानें मोजलीं जात. एक कमी भरे. कांहीं वेळ वाट पाहिली जाई. आणि मग नोंदवहींत एक ओळ लिहिली जाई कीं अमुक विमान परतलें नाहीं. त्याच दिवशीं सात घरांकडे सात तारा सुटत, आणि प्रत्येक तारेंत "बेपत्ता" हा एकच कठीण शब्द असे. ब्रिटिश बाँबर दळांत सुमारें १,२५,००० वैमानिकांनीं काम केलें, व त्यांपैकीं ५५,५७३ मृत्युमुखीं पडले. म्हणजे शंभरांतून चव्वेचाळीस परत आले नाहींत. लंडनच्या पश्चिमेस थेम्स नदीकांठीं रनीमीड येथें एका टेकडीवर १९५३ सालीं एक स्मारक उघडण्यांत आलें. ज्यांना कोठेंही ज्ञात थडगें नाहीं अशा वीस हजारांहून अधिक वैमानिकांचीं नांवें त्याच्या भिंतींवर कोरलेलीं आहेत. त्यांची कबर म्हणजे तीं अक्षरेंच.

या कामांत आपले लोकही होते. हिंदी विमानदळ १९३२ सालीं स्थापन झालें. १९४० सालीं चोवीस हिंदी वैमानिकांची एक तुकडी इंग्लंडास गेली. तींतील कांहीं लढाऊ व कांहीं बाँबफेकीं विमानें चालवूं लागले. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे लँकेस्टर विमानावर नॅव्हिगेटर होते, आणि अंधारांत पुढें जाऊन इतरांना लक्ष्य दाखविणाऱ्या निवडक पथकांत त्यांनीं काम केलें. इकडे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर हिंदी विमानदळाच्या ७ व ८ क्रमांकांच्या पथकांनीं व्हेंजन्स नांवाचीं दोन माणसांचीं बाँबफेकीं विमानें चालविलीं. परंतु जी हकीकत सांगण्याचें मीं योजिलें आहे ती याहून जुनी, पहिल्या महायुद्धांतील आहे. त्या काळीं विमानविद्या बाल्यावस्थेंत होती. आणि हिंदी मनुष्य विमान चालवूं शकेल, ही कल्पनाच राज्यकर्त्यांना रुचत नव्हती.

श्रीकृष्ण वेलिणकर हा मुंबईचा तरुण शिक्षणासाठीं केंब्रिज येथें गेला होता. युद्ध सुरू झाल्यावर त्यास विमानदळांत जावेंसें वाटलें. ही इच्छा सोपी नव्हती. हिंदी शिपाई लक्षावधींच्या संख्येनें फ्रान्स, मेसोपोटेमिया व पूर्व आफ्रिका येथें लढत होते. पण हिंदी मनुष्यास राजाच्या सहीचें अधिकारपत्र देऊन गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीस बसविण्याची सरकारची तयारी नव्हती. सैन्यांतील हें दार हिंदी लोकांस उघडण्याची घोषणा ऑगस्ट १९१७ मध्यें झाली. विमानदळांत त्याच्या कांहींसें आधींच दोन-चार हिंदी तरुणांनीं मोठ्या चिकाटीनें प्रवेश मिळविला होता. त्यांचीं नांवें लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. पंजाबचे हरदितसिंग मलिक. बंगालचे इंद्रलाल रॉय व एरल चंदर सेन. आणि मुंबईचा वेलिणकर. यांपैकीं सेन १९१७ सालीं शत्रूच्या हातीं सांपडून युद्धकैदी झाले. रॉय यांनीं जुलै १९१८ मध्यें अवघ्या कांहीं दिवसांत दहा विमानें पाडलीं, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते धारातीर्थीं पडले. मलिक मात्र वांचले, आणि स्वतंत्र भारताचे वकील म्हणून पुढें फ्रान्स देशांतच राहिले.

वेलिणकराची नेमणूक २३ क्रमांकाच्या पथकांत झाली. या पथकाकडे सॉपविथ डॉल्फिन नांवाचीं एकट्यानें चालविण्याचीं लढाऊ विमानें होतीं. डॉल्फिनची रचना मोठी चमत्कारिक होती. वरचा पंख खालच्या पंखाच्या किंचित् मागें बसविलेला असे, आणि त्या वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटींतून वैमानिकाचें डोकें बाहेर निघे. त्यामुळें वर व भोंवतीं उत्तम दिसे. परंतु उतरतांना विमान उलटलें तर पहिला आघात वैमानिकाच्या मस्तकावर होण्याची भीति असे. आजच्या वैमानिकाजवळ हवाई छत्री असते. त्या युद्धांत ब्रिटिश विमानांतील वैमानिकांस ती दिलेली नव्हती. विमान पेटलें किंवा मोडलें तर त्याबरोबर खालीं जाणें एवढाच मार्ग उरे.

दिनांक २७ जून १९१८ रोजीं वेलिणकर फ्रान्समध्यें टेहळणीच्या कामगिरीवर निघाला आणि परत आला नाहीं. पथकाच्या दफ्तरीं तो बेपत्ता ठरला. वस्तुस्थिति अशी होती कीं तो जखमी होऊन जर्मन मुलखांत पडला होता, आणि शत्रूच्या हातांत असतांनाच ३० जून रोजीं त्याचा अंत झाला. ज्यांनीं त्यास पाडलें त्यांनींच त्यास मूठमाती दिली. ती देतांना त्यांनीं त्याच्या थडग्यावर नांवही लिहिलें. परंतु परक्या कानांना व परक्या लेखणीला तें नांव अपरिचित होतें. वेलिणकर हा शब्द तेथें ओळखूं न येण्याइतका बदलून गेला.

वाचकहो, येथें क्षणभर थांबून विचार करा. मुंबईस एक कुटुंब मुलाची वाट पाहत आहे. फ्रान्समध्यें एक थडगें आहे. थडग्याला नांव आहे, कुटुंबाला मुलाचें नांव ठाऊक आहे, पण दोन नांवें जुळत नाहींत. शत्रूनें द्वेषानें कांहीं लपविलें नव्हतें. केवळ चार अक्षरांच्या चुकीमुळें एक माणूस दुसऱ्यांदा हरवला होता.

असे हरवलेले सैनिक शोधण्याचें काम त्या वेळीं एका नव्या संस्थेनें अंगावर घेतलें होतें. फेबियन वेअर नांवाचे गृहस्थ रेड क्रॉसच्या एका पथकाबरोबर १९१४ सालीं फ्रान्सला गेले. सैनिकांना घाईघाईनें पुरलें जात आहे आणि थडग्यांची नोंद कोणीच ठेवीत नाहीं, हें पाहून त्यांनीं ती ठेवण्यास आरंभ केला. त्यांतूनच २१ मे १९१७ रोजीं इंपीरियल वॉर ग्रेव्हज् कमिशन स्थापन झालें. आज तेंच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज् कमिशन म्हणून ओळखलें जातें. युद्ध संपल्यावर या कमिशनची आणि लष्कराची माणसें शेतांतून, खंदकांतून, मोडलेल्या गांवांतून हिंडलीं. विखुरलेलीं थडगीं उघडून मृतदेह मोठ्या स्मशानभूमींत आणण्यांत आले. गणवेशाचीं बटणें, पथकाचीं चिन्हें, गळ्यांतील ओळखपट्ट्या, जर्मनांच्या नोंदवह्या, जिनीव्हा येथील रेड क्रॉसच्या याद्या हें सर्व एकमेकांशीं ताडून पाहण्यांत आलें. दिनांक जुळतो काय, विमानदळाचा अधिकारी कोण होता, त्या भागांत त्या दिवशीं कोणाचें विमान पडलें, असे प्रश्न एकामागून एक विचारले गेले. या चिकाटीच्या कामामुळेंच त्या विचित्र नांवामागचा मनुष्य श्रीकृष्ण वेलिणकर हा होय, असें निश्चित झालें, आणि घरच्या माणसांना उत्तर मिळालें. फ्रान्सच्या सोम प्रांतांत, व्हिलेर-ब्रेतोनो गांवाजवळ, हांगार येथील युद्धस्मशानभूमींत त्याच्या नांवाची शिळा आज उभी आहे.

कमिशननें कांहीं नियम आरंभींच ठरविले होते. सरदाराचा मुलगा असो वा मजुराचा, शिळा सर्वांची सारखी. प्रत्येकाचें नांव एक तर त्याच्या शिळेवर, नाहीं तर स्मारकाच्या भिंतीवर कोरलें गेलेंच पाहिजे. मृतदेह मायदेशीं न्यावयाचा नाहीं. जेथें पडला तेथेंच, सोबत्यांच्या शेजारीं, त्यानें विसावावें. ज्याची ओळख पटली नाहीं त्याच्या शिळेवर, हा कोण हें ईश्वरास ठाऊक आहे, अशा अर्थाचे शब्द कोरावयाचे. हे शब्द रुडयार्ड किप्लिंग यांनीं सुचविले. किप्लिंग यांचा जन्म आपल्या मुंबईसच १८६५ सालीं झाला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्यें लूसच्या लढाईंत बेपत्ता झाला. बापानें पुष्कळ शोध केला, परत आलेल्या शिपायांना गांठून विचारलें, पण १९३६ सालीं ते वारले तोंवर मुलाची कबर सांपडली नाहीं. एका अनामिक शिळेखालीं तोच आहे असें कमिशननें १९९२ सालीं ठरविलें. साम्राज्याच्या थोर लेखकास जें सुख लाभलें नाहीं, तें मुंबईच्या एका घराला लाभलें. दुःखाच्या या प्रांतांत कीर्ति उपयोगी पडत नाहीं.

परंतु चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीं तर लेख प्रामाणिक होणार नाहीं. "सर्वांची सारखी शिळा" हा नियम सर्वत्र पाळला गेला नाहीं. एप्रिल २०२१ मध्यें कमिशननें स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालांत अशी कबुली दिली कीं पहिल्या महायुद्धांत मेलेल्या, मुख्यतः आफ्रिकी व इजिप्शियन अशा किमान १,१६,००० माणसांचें नांवानिशीं स्मरण झालें नाहीं, किंवा मुळीं झालेंच नाहीं. आणि ही संख्या ३,५०,००० पर्यंतही असूं शकेल. त्यांत शिपाई होते, तसे ओझें वाहणारे हमाल व मजूरही होते. वेलिणकर अधिकारी होता, तो फ्रान्समध्यें पडला, म्हणून त्याच्या नांवाचा इतका शोध झाला. दूर आफ्रिकेंत तापानें मेलेल्या एखाद्या हिंदी गड्याच्या नांवासाठीं कोणी नोंदवह्या चाळल्या नाहींत. त्याच्याही घरीं दाराची कडी वाजली कीं कोणीतरी दचकत असेलच.

आणखी एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनांत आल्याशिवाय राहणार नाहीं, आणि ती रास्त आहे. वेलिणकर लढला तो परक्या राजाच्या निशाणाखालीं. मग त्याचें स्मरण आपण कां करावें? हा प्रश्न आमच्या भागांत तर अधिकच टोंचतो. दिनांक १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघर येथें निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि काशिनाथ हरि पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी व सुकुर गोविंद मोरे हे पांच जण हुतात्मे झाले. आसपासच्या गांवचे हे तरुण. दरवर्षीं त्या दिवशीं पालघरास त्यांना वंदन केलें जातें. त्यांना ज्या सत्तेनें मारलें त्याच सत्तेच्या विमानांत बसून दुसरे हिंदी तरुण त्या युद्धांत लढत होते. हीं दोन स्मरणें एका मनांत कशीं नांदणार?

मला असें वाटतें कीं स्मरण करणें आणि जयजयकार करणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालघरच्या पांच वीरांना आपण वंदन करतों, कारण त्यांनीं ज्यासाठीं प्राण दिले तें आपलें स्वातंत्र्य आहे. वेलिणकराचें स्मरण करतांना साम्राज्याला वंदन करावें लागत नाहीं. हिंदी मनुष्यास उड्डाण करतां येणार नाहीं, असें म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो उडाला, हें सत्य आहे. तो मेला, हें सत्य आहे. त्याच्या आईबापांचें दुःख कोणत्याही निशाणाचें नव्हतें. सत्य जसें घडलें तसें लक्षांत ठेवणें हें स्वतंत्र देशाच्या नागरिकास शोभणारें कर्तव्य आहे. दुबळ्या मनालाच आपल्या इतिहासांतील अर्धीं पानें फाडून टाकावीशीं वाटतात.

बाँबफेक्या विमानांतील वीरांविषयीं बोलतांना तर आणखी एका गोष्टीचें भान ठेवलें पाहिजे. त्यांनीं टाकलेले बाँब कारखान्यांवर पडले, तसे घरांवरही पडले. जुलै १९४३ मध्यें हँबर्ग शहरांत आगीचें जें तांडव झालें त्यांत हजारों बायकामुलें होरपळून मेलीं. युद्ध आपल्या दारींही आलें होतें. १९४२ सालीं विशाखापट्टणम् व कलकत्ता या शहरांवर जपानी विमानांनीं बाँब टाकले. म्हणूनच लंडन येथील ग्रीन पार्कमध्यें बाँबर दळाचें जें स्मारक २८ जून २०१२ रोजीं उघडण्यांत आलें, त्यावर वैमानिकांबरोबरच त्या बाँबहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेंही स्मरण केलेलें आहे. विमानांतील सात जण आणि खालच्या घरांतील सात जण, दोघांचीही मोजदाद ठेवणारें स्मरण तेंच खरें स्मरण. एकाचीच मोजदाद ठेविली तर त्यांतून पुढच्या युद्धाचें बीं पेरलें जातें.

विद्यार्थी मित्रहो, फ्रान्सला किंवा रनीमीडला जाणें आपणांपैकीं थोड्यांनाच साधेल. पण पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मशानभूमि पाहणें अवघड नाहीं. तेथें दुसऱ्या महायुद्धांतील दीड हजारांहून अधिक शिळा ओळीनें उभ्या आहेत. दूरदेशींच्या कोणा आईचा मुलगा आपल्या मातींत झोंपला आहे, आणि आपला माळी त्याच्यापुढचीं फुलझाडें जोपासतो. तिकडे हांगार येथें कोणी फ्रेंच माळी वेलिणकराच्या शिळेपुढील गवत कापीत असेल. हा देवघेवीचा व्यवहार कोणत्याही तहनाम्याहून मोठा आहे.

त्याहून जवळचें कामही आहे. आपल्या गांवांतून कोण युद्धावर गेले, कोण समुद्रावर गेले, कोण चळवळींत गेले व परत आले नाहींत, हें अजून ज्यांना सांगतां येतें असे वृद्ध घरोघर आहेत. त्यांच्यापाशीं बसा, विचारा, आणि लिहून ठेवा. लिहितांना नांव, बापाचें नांव, गांव व साल नीट विचारून घ्या. एकदां नव्हे, दोनदां विचारा. एका अक्षराची चूक माणसाला किती दूर घालवूं शकते, हें आपण आतां पाहिलें आहे.

शंभर मेंढरांपैकीं एक हरवलें तेव्हां नव्याण्णव मागें ठेवून त्या एकाच्या शोधार्थ निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. लहानपणीं मला तो हिशेब पटत नसे. नव्याण्णव सुरक्षित असतां एकासाठीं एवढी यातायात कशाला, असें वाटे. वेलिणकराची हकीकत वाचल्यावर तो हिशेब समजला. हरवलेला नेहमीं एकच असतो. तो कोणाचा तरी एकुलता एक असतो, आणि त्याला शोधतांना प्रथम त्याचें नांव बरोबर घेतां आलें पाहिजे.